अमावास्येची रात्र आणि आकाशदर्शन

बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांत आजही अनेक घरांतून अमावास्या ही तिथी धाकाने पाळली जाते. त्या दिवशी नवे काम सुरू करावयाचे नाही, लांबच्या प्रवासास निघावयाचे नाही, तिकटीवर पडलेला नारळ-लिंबू ओलांडावयाचा नाही, तिन्हीसांजेनंतर लहान मुलास अंगणात सोडावयाचे नाही. हे निर्बंध निरक्षर माणसेच पाळतात असे नाही. पदवीधर मंडळीही नव्या गाडीची डिलिव्हरी घेताना कॅलेंडर पाहतात. नेमकी हीच रात्र पसंत करून महाराष्ट्रातील काही मंडळी दुर्बिणी खांद्यावर घेऊन गावाबाहेरच्या माळावर जातात, ओळखी-अनोळखी लोकांना बोलावितात आणि पहाटेपर्यंत त्यांना आकाश दाखवितात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतले कारकून असतात, कारखान्यातले फिटर असतात, महाविद्यालयातली मुले-मुली असतात. यासाठी त्यांना कोणी पगार देत नाही. त्यांना हौशी आकाशनिरीक्षक म्हणतात. त्यांच्या या कार्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी आणि असे कार्यक्रम आपल्याकडे कसे घडवून आणता येतील याचा विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम अमावास्याच का, हे पाहू. चंद्र पृथ्वीभोवती फिरता फिरता सूर्याच्या बाजूस येतो, तेव्हा तो सूर्याबरोबरच उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. म्हणून त्या रात्री आकाशात चंद्र नसतो. अमावास्या म्हणजे एवढेच. याउलट पौर्णिमेस चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो, सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर राहतो. त्याच्या उजेडात मंद तारे बुडून जातात. आपल्या विहारांतील कार्यक्रम पौर्णिमेस होतात ते योग्यच आहे. पूर्वी दिवाबत्ती नव्हती, चांदण्यात लोकांना येणे-जाणे सोपे होई. तारे पाहावयाचे असतील तर मात्र पंधरा दिवस थांबावे लागते. काळोख्या गावाबाहेर, धुके व ढग नसताना, साध्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. शहरातल्या चौकातून शंभर मोजता आले तरी नशीब.

महिन्यांच्या नावांचा खुलासाही आकाशातच आहे. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, विशाखेजवळ असतो तो वैशाख, ज्येष्ठेजवळ असतो तो ज्येष्ठ. येत्या बुद्धपौर्णिमेस वंदना आटोपल्यावर वाचकांनी विहाराच्या आवारातून चंद्राकडे पाहावे आणि जवळच विशाखा सापडते का, ते तपासावे. दरवर्षी तंतोतंत जुळेलच असे नाही, पण फार लांबही जाणार नाही.

जेऊरचा माळ

लोकांना आकाश ओळखण्यास शिकविण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक त्यांनी पंडितांसाठी लिहिले नाही, तर रात्री अंगणात उभ्या राहणाऱ्या सामान्य वाचकासाठी लिहिले. पुढे १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच १८९८ सालची एक घटना आपल्या अगदी शेजारची असूनही आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी १८८८ मध्ये तेथे वेधशाळा उभी केली होती. तिच्यात वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते आणि त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून ईशान्येकडे जात होता. नेगमवालांनी तळ ठोकला तो सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे. रेल्वे असल्यामुळे जड उपकरणे तेथपर्यंत नेणे शक्य होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेदेखील समुद्रापलीकडून आपली यंत्रे घेऊन त्याच जेऊरला आले. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. त्या दोन मिनिटांत घेतलेल्या निरीक्षणांचा नेगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

जेऊर करमाळा तालुक्यात आहे. आपल्या इंदापूर तालुक्याच्या आणि त्याच्या मध्ये पूर्वी भीमेचे पात्र होते, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यापासून तेथे विस्तीर्ण पाणी पसरले आहे. इंदापूर गाव जेऊरपासून इतके जवळ आहे की ती सावली त्या दिवशी इंदापूरवरूनही गेलीच असणार. आपले खापरपणजोबा त्या वेळी दारे लावून घरात बसले असतील, आणि दहा-बारा कोसांवर जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली माणसे त्याच ग्रहणाकडे दुर्बिणी रोखून उभी असतील. ती तिथी अर्थातच अमावास्या होती, कारण सूर्यग्रहण दुसऱ्या कोणत्याही तिथीस होऊच शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम वायूचा शोध लावला, असे पुष्कळदा लिहिले व बोलले जाते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गास ते आले ते १८९८ च्या या ग्रहणासाठी. आपल्या भूमीचा अभिमान असावा, पण तीस वर्षांची चूक त्यासाठी करण्याचे कारण नाही.

नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये त्यांची वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. पुण्यात यानंतर संघटितपणे हे काम पुन्हा उभे राहिले ते सामान्य नागरिकांच्या हौसेतून. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. टिळक स्मारक मंदिरात तिचे काम चालत आले आहे आणि रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी मंडळी सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ केळवडे येथे जातात. मुंबईत हॅलेचा धूमकेतू येण्याच्या सुमारास, १९८५-८६ मध्ये खगोल मंडळ सुरू झाले. त्यांचा रात्रीचा कार्यक्रम मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील वांगणी येथे होतो. संध्याकाळच्या लोकलने जावे, रात्रभर आकाश पाहावे, सकाळच्या लोकलने परतावे आणि शक्य असल्यास तसेच कामावर जावे, असा हा शिरस्ता आहे. हॅलेचा धूमकेतू आता २०६१ मध्ये परत येईल. पण त्याच्या निमित्ताने लागलेली गोडी टिकून राहिली. १९९६ चा ह्याकुताके आणि १९९७ चा हेल-बॉप हे धूमकेतू तर दुर्बिणीवाचून खेड्यापाड्यांतून दिसले. आजच्या पन्नाशीतल्या वाचकांना हेल-बॉपची शेपटी आठवत असेल.

दुर्बीण रस्त्यावर आणण्याचे श्रेय मात्र एका विलक्षण अमेरिकन माणसाकडे जाते. जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ मध्ये, म्हणजे पुण्याची संस्था निघाली त्याच वर्षी, ते दाखल झाले. मठात राहूनच त्यांनी टाकाऊ काचेपासून आरसे घासून दुर्बिणी बनविण्यास सुरुवात केली आणि त्या गाड्यावर घालून ते आसपासच्या वस्तीतल्या मुलांना आकाश दाखवू लागले. मठाबाहेरचा हा उद्योग वरिष्ठांना रुचला नाही आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांनी फुटपाथवरच्या आकाशनिरीक्षकांची संघटना काढली. प्लायवूडच्या पेटीत बसविलेली, हाताने ढकलली की फिरणारी त्यांची दुर्बीण आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २०१४ मध्ये ते वारले. दुर्बीण ज्याला परवडते त्याचीच नव्हे, तर रस्त्याने चाललेल्या कोणाचीही आहे, असे मानून ते आयुष्यभर वागले. आमच्या मते लोकांच्या आकाशदर्शनाचा पाया हाच आहे.

अशी दुर्बीण घरी बनविता येते हे अनेकांना खरे वाटत नाही. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा घेतात. एक खाली बसवून तिच्यावर कार्बोरंडमची पूड व पाणी टाकून दुसरी काच पुढे-मागे घासतात आणि थोडी थोडी फिरवीत राहतात. हळूहळू वरची काच मध्ये खोलगट होते आणि खालची फुगीर. पूड क्रमाक्रमाने बारीक करीत नेतात, मग डांबरासारख्या राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश करतात आणि शेवटी त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा चढवून घेतात. काम कष्टाचे आहे, पण पाथरवटाने जाते टाकणे याहून अवघड नाही. सहा इंचांचा आरसा अंधारात रुळलेल्या मानवी डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो.

माळावरची रात्र

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे वळू. डिसेंबरातील अमावास्या आहे असे धरून चालू. अंधार पडल्यावर लगेच दुर्बिणीकडे धावण्याची प्रथा नाही. सतरंज्या अंथरून लोकांना पाठीवर निजवितात आणि पंधरा-वीस मिनिटे नुसते वर पाहावयास लावतात, कारण डोळे अंधाराला सरावण्यास तेवढा वेळ लागतोच. या वेळात कोणी मोबाइल उघडला की शेजारच्या दहा जणांची तपश्चर्या वाया जाते. म्हणून विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधतात. लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत.

मग उत्तरेकडे तोंड करून ध्रुव शोधावयाचा. हात लांब करून अंगठा व करंगळी ताणली की होणारी वीत आकाशात साधारण वीस अंश भरते आणि हाताची मूठ दहा अंश. बारामती व इंदापूर विषुववृत्तापासून सुमारे अठरा अंश उत्तरेस आहेत, म्हणून ध्रुव आपल्या क्षितिजापासून अठरा अंश, म्हणजे वितीहून थोडा कमी, वर दिसतो. आपला कोणी मुलगा सैन्यात दिल्लीकडे असेल तर त्याला तो आणखी एक मूठ वर दिसेल. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा पुस्तकात शोधण्याची गरज नाही, गावातल्या दोन घरांत फोनवर तो मिळतो.

डोक्यावर देवयानीतील धुरकट ठिपका असतो. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, म्हणजे आपल्यासारखी माणसे पृथ्वीवर नव्हती तेव्हाचा. पूर्वेस कृत्तिकांचा झुबका, त्याखाली लालसर रोहिणी, मग मृग आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. मध्यरात्री मृग माथ्याजवळ येतो आणि दक्षिणेस अगस्त्य चमकू लागतो. पहाटे उत्तरेस सप्तर्षी उंच चढलेले असतात. जानेवारीच्या कार्यक्रमात पहाटे पाचच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूही सापडतो, मात्र त्या बाजूस दिवे किंवा उसाच्या पाचटाचा धूर नसावा.

दुर्बिणीपुढे रांग लागते ती चंद्रकोर, गुरू व शनी यांच्यासाठी. म्हणून पुष्कळ संस्था काही कार्यक्रम अमावास्येनंतर पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी ठेवतात, त्या वेळी चंद्रावरील खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. गुरूच्या बाजूस एका ओळीत चार ठिपके दिसतात. हेच चार चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले आणि सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला तडा गेला. रांगेतल्या प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली असते : "काही दिसेना, निघून गेलं." ते खरेच निघून गेलेले असते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे साध्या दुर्बिणीत कोणतीही वस्तू तीन-चार मिनिटांत कडेला जाते. दुर्बीण दाखविणारा पुन्हा नेम धरून देतो. पृथ्वी फिरते हे वाक्य शाळेत घोकलेल्या माणसास ती फिरताना येथे दिसते.

आमच्या शेतकरी बांधवांचा एक प्रश्नही ठरलेला असतो. पाऊस मृगाचा, आर्द्रेचा, हस्ताचा म्हणतात, मग जूनमध्ये मृग नक्षत्र रात्री का दिसत नाही? प्रश्न अतिशय मार्मिक आहे. पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. सात-आठ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणून मृग त्या वेळी दिवसा सूर्याबरोबर असतो आणि दिसत नाही. सत्तावीस नक्षत्रे सूर्य एका वर्षात ओलांडतो, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास साडेतेरा दिवस येतात. छापील पंचांग नव्हते त्या काळात शेतीची कामे लक्षात ठेवण्याची ती उत्तम सोय होती. पण नक्षत्र पाऊस पाडते असे नव्हे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे नक्षत्रांच्या तारखा सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळापासून दीड हजार वर्षे लोटली, म्हणजे त्याच्या वेळचा मृग ऋतूच्या हिशेबाने आजच्याहून सुमारे तीन आठवडे आधी लागत होता. मोसमी वारे मात्र समुद्र व जमीन यांच्या तापण्यावर चालतात, त्यांना नक्षत्राची वाट पाहावयाची नसते. राहता राहिले नक्षत्राचे वाहन, बेडूक की उंदीर की म्हैस. ते सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या आकड्यास नऊने भागून उरलेल्या बाकीवरून ठरते. त्या भागाकारात ढगाचा कोठे संबंध येतो, हे वाचकांनीच पाहावे.

शनी, मंगळ आणि घरातल्या मुली

दुर्बिणीतून शनी पाहिलेला माणूस प्रथम बोलत नाही, मग पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो. कड्यांसह तो इतका रेखीव दिसतो की काचेवर चित्र चिकटविले असावे असा संशय काहींना येतो. २०२५ च्या मार्चमध्ये ही कडी पृथ्वीकडे नेमकी कडेने आली होती, आता ती पुन्हा वर्षागणिक उघडत जातील. ज्या शनीच्या नावाने आयुष्यभर धसका घेतला, तो हा! या क्षणी आकाशदर्शनाचे खरे काम सुरू होते.

साडेसातीचे गणित सोपे आहे. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी करतो, तेव्हा बारा राशींपैकी प्रत्येकीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. गावात चार हजार वस्ती असेल तर सुमारे हजार माणसे आज साडेसातीत आहेत. या हजारांत कोणाची म्हैस मेली, कोणाचा मुलगा नापास झाला, तर दोष शनीला. आणि कोणाला नोकरी लागली तर ते कोणी मोजीत नाही.

मंगळाचा प्रकार याहून गंभीर आहे, कारण तो मुलींच्या लग्नाशी जोडला गेला आहे. महाराष्ट्रातल्या रूढीप्रमाणे पत्रिकेच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळी. बारांपैकी पाच स्थाने! ढोबळ हिशेबाने शंभरातल्या चाळीसहून अधिक पत्रिका मंगळाच्या निघणार. हा ग्रह आपल्यापासून अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असतो, आणि दुर्बिणीतून नारिंगी रंगाच्या लहानशा चकतीपलीकडे काही दिसत नाही. आपल्या विवाहविधीत पत्रिकेला स्थान नाही, ही समाधानाची गोष्ट. तरीपण शिकलेल्या, स्थिरावलेल्या आपल्याच काही कुटुंबांतून "शेजारचे बघतात म्हणून" पत्रिका काढण्याचे प्रकार होऊ लागले आहेत, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. अशा घरातल्या आई-वडिलांना व्याख्यानास बोलाविले तर ते येत नाहीत. मंगळ दाखवितो म्हटले तर येतात.

पत्रिका खरी की खोटी, याची परीक्षा आपल्या पुण्यातच झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी सहकाऱ्यांसह बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषास त्यांतल्या चाळीस पाठविल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच सांगावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे धाडली. ती सरासरी शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नास आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रहणाविषयीही असेच आहे. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहून ठेवले. तरी आजही ग्रहणकाळात गरोदर बाईस भाजी चिरू देत नाहीत, पाणी पिऊ देत नाहीत, तासन्‌तास एका जागी बसवून ठेवतात. मुलाचा ओठ फाटका निघेल ही धास्ती. फाटका ओठ ग्रहण नसलेल्या महिन्यांतही तितकाच आढळतो, त्याची कारणे आनुवंशिकतेत व आईच्या पोषणात आहेत आणि शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होतो. उपाशी-तहानेली गरोदर बाई हा मात्र खरा धोका आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र ८२ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडाला होता. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहण मात्र प्रमाणित चष्म्यावाचून कधीही पाहू नये. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच वा पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. पुठ्ठ्यास बारीक भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडणे सर्वांत बरे.

आपल्या तालुक्यांत

आपल्याकडे जागांची वाण नाही. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती भाग सोडून थोडे दूर गेले की माळरान लागते. भिगवण व इंदापूरच्या बाजूस उजनीच्या पाण्याकाठी एका दिशेला तरी क्षितिज मोकळे मिळते. दिवसा तेथे रोहित पक्षी पाहण्यास लांबून माणसे येतात. मात्र पाण्याजवळ थंडीत दव फार पडते, आरसा व भिंगे ओली होतात, म्हणून काठापासून थोडे उंचावर बसावे. बारामती शहर, औद्योगिक वसाहत आणि साखर कारखाने यांचा उजेड आकाशावर चढतो, तो पाठीशी राहील अशी दिशा धरावी. हा उजेड वाढतोच आहे. दिव्यावर टोपी बसविली आणि तो जमिनीकडे वळविला तर वीजही वाचते. ग्रामपंचायतीपुढे हा विषय मांडण्यास हरकत नाही.

आकाश चांगले असते ते नोव्हेंबर ते मार्च आणि गाळपाचा हंगामही तोच. या दिवसांत कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडांजवळ तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांची मुले उघड्यावर निजतात, पहाटे तीन-चारला आई-बापांबरोबर उठतात आणि शाळेपासून तुटलेली असतात. सप्तर्षींना ती बाज म्हणतील, शुक्राला चांदणी म्हणतील, पण कोणता तारा कधी डोक्यावर येतो हे शहरातल्या मुलांहून त्यांना अधिक माहीत असते. आकाशदर्शनाचा कार्यक्रम करावयाचा तर तो हायस्कुलाच्या मैदानाइतकाच कोप्यांजवळही करावा, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. रात्रीच्या विजेवर पाणी धरणारे शेतकरीही याच वर्गात मोडतात. त्यांना दिवसा सवड नसते, रात्री मात्र ते बांधावर जागेच असतात.

स्त्रियांच्या उपस्थितीचा प्रश्न निराळा आहे. रात्रभराच्या कार्यक्रमास मुलींना पाठविण्यास पालक कचरतात आणि त्यात त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. यासाठी संध्याकाळी सात ते दहा असा कार्यक्रम विहाराच्या गच्चीवर ठेवावा, आया व आज्यांनाही बोलवावे, परतीची सोय आधी ठरवावी. दुर्बीण दाखविण्याचे काम मुलींकडेच द्यावे.

सुरुवातीस दुर्बीण विकत घेण्याच्या भरीस पडू नये. दहा बाय पन्नासची द्विनेत्री पुरते. तिने चंद्रावरचे मोठे खड्डे, कृत्तिकांमधले पुष्कळ तारे आणि हात स्थिर ठेवला तर गुरूचे चंद्रही दिसतात. पुण्या-मुंबईच्या संस्थांशी पत्रव्यवहार करून त्यांच्या एखाद्या रात्रीस आपली चार-पाच मुले आधी पाठवावीत, ती परत येऊन गावात दाखवतील. दुर्बिणीच्या नळीस कोणी धरू नये म्हणून शेजारी एक स्टूल ठेवावे, लहान मुले त्यावर चढतील आणि मोठी माणसे त्याचा आधार घेतील. तारे दाखविण्यास हिरवा लेसर वापरतात, परंतु बारामतीस विमानतळ असून तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. विमानाचा दिवा दिसताच लेसर बंद करावा, आणि तो मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

ज्यांना रात्र जमत नाही त्यांच्यासाठी दिवसाचा एक प्रयोग आहे. १२ मे आणि ३१ जुलै या तारखांच्या आसपास आपल्या दोन्ही तालुक्यांत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस धरावा. घड्याळातले बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास हे घडते. शाळेला सुट्टी असते, मुले मोकळीच असतात. सव्वाबारापासून एक सरळ पाइप ओळंबा लावून उभा करावा, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी, आणि सावली पाइपाच्या बुडाखाली गेली ती वेळ वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच वहीत दुसरी वेळ लिहिता येईल.